रक्ती हगवणीचा जंतू आणि त्याचा हिशेब

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत कोंबडीच्या आतड्यातील जंतूंवर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. बोनस, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी हे आमचे नेहमीचे विषय. पण भंडारा जिल्ह्यातील बिडी कामगारांच्या वस्त्यांतून ज्याने वर्षानुवर्षे पायपीट केली आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सुपात तंबाखू घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या बाईची मजुरी सट्टेदाराच्या वहीत असते. अंगणात फिरणाऱ्या चार कोंबड्या मात्र तिच्या स्वतःच्या असतात. मुलाची वही, दवाखान्याचा खर्च, माहेरी जाण्याचे भाडे हे सगळे पुष्कळदा त्या चार कोंबड्यांतून निघते. पावसाळ्यात पिल्ले काढावीत, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली की पाहुण्यारावळ्यांसाठी गावठी कोंबड्याला मोल येते तेव्हा विकावीत, असा तिचा हिशेब असतो. आणि नेमक्या श्रावण-भाद्रपदात एका आठवड्यात तो हिशेब कोसळतो. पिल्ले पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होतात, डोळे मिटतात, तुरा पांढरा पडतो, विष्ठेत रक्त दिसते आणि दोन-तीन दिवसांत निम्मी-अधिक मरतात. शेजारीण म्हणते, मर आली. कोणी म्हणते, नजर लागली. आज मला या ‘नजरे’विषयीच सांगावयाचे आहे. ती खरोखरच नजरेचीच गोष्ट आहे. उघड्या नजरेला जे दिसत नाही त्याची.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे कोंबडी मेली की सगळ्या मृत्यूंना एकच नाव देण्याची खोड आहे. मान वाकडी होऊन, लुळी पडून, लहानमोठी सर्वच कोंबडी झपाट्याने मरू लागली तर तो बहुधा मानमोडी ऊर्फ राणीखेत रोग. तो विषाणूचा रोग आहे आणि त्यावर लस आहे. बर्ड फ्लूचे नाव २००६ साली घरोघरी पोहोचले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली लागण सापडली, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि इकडे शेकडो कोस दूर असलेल्या आपल्या बाजारातही लोक कित्येक दिवस कोंबडीकडे पाहीनासे झाले. तोही विषाणूच. रक्ती हगवण या दोहोंपासून निराळी. ती मुख्यतः तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते, मोठ्या कोंबड्या बहुधा धडधाकट राहतात, आणि तिचा कर्ता विषाणूही नव्हे, जिवाणूही नव्हे. तो एकपेशीय प्राणी आहे. शास्त्रज्ञ या गटाला कॉक्सिडिया म्हणतात आणि कोंबडीत राहणाऱ्या त्याच्या जातींचे कुलनाम आयमेरिया. नवापुरासारखा गाजावाजा त्याच्या वाट्याला कधी आला नाही. तो वर्तमानपत्रात येत नाही, दरवर्षी येतो.

शास्त्रात यास परोपजीवी म्हणतात. आम्ही सभांतून हा शब्द दुसऱ्याच प्राण्यांना उद्देशून वापरतो, म्हणून आज जरा जपून वापरला पाहिजे! शास्त्रातला अर्थ साधा आहे: जो दुसऱ्याच्या शरीरात घर करतो, त्याच्याच जिवावर वाढतो आणि मोबदला काही देत नाही.

या कुळातला पहिला प्राणी ज्याने पाहिला तो कोणी पंडित नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाचे शिक्षण त्याला नव्हते, त्या काळची विद्वानांची लॅटिन भाषा येत नव्हती. कापडाचे सूत तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत; हा गृहस्थ स्वतःच्या हाताने इतकी बारीक भिंगे घासू लागला की पाण्याच्या थेंबातील जीवसृष्टी त्याला दिसू लागली. १६७४ साली सशाच्या पित्तात त्याने लंबगोल कण पाहिले. तेच आज आपण ज्यांना ऊसिस्ट म्हणतो ते, म्हणजे या जंतूची कवचबंद अंडी. पुढे सुमारे दोनशे वर्षे ते कण काय आहेत याचा उलगडा कोणाला नीटसा झाला नाही. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच साली फ्रान्समध्ये श्नायडर याने थिओडोर आयमर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून या कुळाला आयमेरिया हे नाव दिले. रक्ती हगवणीचा मुख्य सूत्रधार, आयमेरिया टेनेला, याचे वर्णन १८९१ साली रायए आणि ल्युसे यांनी केले.

या जंतूचा एक नातेवाईक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. हिवतापाचा जंतू आणि हा जंतू एकाच मोठ्या गटातले. जणू चुलत भाऊच. रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला हे शाळेत शिकवतात. शाळेत बहुधा सांगत नाहीत ते असे की, ज्या हुसेन खान नावाच्या रोग्याला ते डास चावविले त्याला रॉस डासामागे एक आणा देत असे. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दर कोणता योग्य होता ते श्रोत्यांनी ठरवावे. पुढे १८९८ साली कलकत्त्यास रॉसने जंतूचे संपूर्ण चक्र उलगडले ते माणसात नव्हे, पक्ष्यांत. पक्ष्यांनाही हिवताप होतो, कोंबड्यांनाही होतो. परंतु हिवतापाच्या जंतूला एका अंगातून दुसऱ्या अंगात जाण्यास डास लागतो. आपल्या आयमेरियाला डास, माशी, गोचीड कोणाचीच गरज लागत नाही. त्याला विष्ठा आणि चोच एवढे पुरते.

आता त्याचे आयुष्य पाहू. येथे थोडे सावकाश जावे लागेल, कारण इलाजाची सगळी किल्ली याच आयुष्यात आहे.

आजारी कोंबडीच्या विष्ठेतून ऊसिस्ट बाहेर पडतो. टेनेलाच्या ऊसिस्टची लांबी एका मिलिमीटरचा सुमारे पंचेचाळिसावा भाग. पट्टीवरच्या एका बारीक घरात असे चव्वेचाळीस-पंचेचाळीस एकामागे एक उभे राहतील. बाहेर पडतो तेव्हा तो निरुपद्रवी असतो. त्या ताज्या ऊसिस्टने रोग होत नाही. त्याला पिकावे लागते, आणि पिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि हवा. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस उष्णता आणि दमट जमीन मिळाली की एक-दोन दिवसांत कवचाच्या आत चार लहान कुप्या तयार होतात आणि प्रत्येक कुपीत दोन, म्हणजे एकूण आठ, तीक्ष्ण टोकाचे बीजजंतू. जुलै-ऑगस्टमधला आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, अंगणात चिखल, हवेत उकाडा. या जंतूसाठी कोणी मुद्दाम उबवणीयंत्र बांधले असते तरी याहून चांगले झाले नसते.

पिल्लू दाणे टिपताना असा पिकलेला ऊसिस्ट गिळते. कोंबडीच्या पोटात दाणे दळणारी जी मांसल पिशवी असते तीत कवच फुटते, पुढे पित्त आणि पाचकरस कुप्या उघडतात आणि आठ बीजजंतू मोकळे होतात. टेनेला आतड्यात कोठेही घर करीत नाही. कोंबडीला लहान आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्यांना आंधळी आतडी म्हणतात. हा जंतू तेथेच जातो. अस्तराच्या पेशीत शिरतो, आतल्या आत वाढतो आणि फुटतो. एका बीजजंतूपासून पहिल्या फेरीत सुमारे नऊशे जंतू. ते नऊशे नव्या पेशींत शिरतात आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येकापासून दोनशे ते साडेतीनशे. आता हिशेब मांडू. एका ऊसिस्टचे आठ. आठ गुणिले नऊशे म्हणजे सात हजार दोनशे. त्यांना अडीचशेने गुणले तर अठरा लाख. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात सगळेच जगत नाहीत. पण एका कणापासून किती मजल जाऊ शकते ते कळावे. दुसऱ्या फेरीचे जंतू अस्तराच्या खोल थरात वाढतात, आणि लाखो पेशी एकदम फुटल्या की तेथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. हा सुमार पाचव्या दिवसाचा. विष्ठेत रक्त येते ते तेव्हा. पाचव्या ते सातव्या दिवसात पिल्लू रक्तक्षयाने मरते. त्यातून तगले तर जंतूंच्या नर-मादी अवस्था तयार होतात, त्यांच्या मीलनातून नवे ऊसिस्ट होतात आणि सातव्या दिवसाच्या सुमारास ते लाखांनी बाहेर पडू लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, रक्त दिसले तेव्हा खरे नुकसान होऊन चुकलेले असते. औषध रक्त दिसलेल्या पिल्लाला कमी आणि त्याच्या शेजारच्या, अजून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांना अधिक उपयोगी पडते. म्हणून एक पिल्लू रक्त हगले की औषध सगळ्यांना एकदम द्यावयाचे. दुसरी गोष्ट जरा आशेची आहे. हा जंतू पोटात ठराविक फेऱ्याच करतो. नव्याने ऊसिस्ट गिळले नाहीत तर रोग आपोआप संपतो, आणि उठलेले पिल्लू त्या जातीच्या जंतूला पुढे सहसा दाद देत नाही.

येथेच एक कूट प्रश्न उभा राहतो. जंतू इतका जुना, जमिनीवर सर्वत्र पसरलेला, तर आपल्या आजीच्या काळी कोंबड्या कशा वाचत? उत्तर गर्दीत आहे. कोंबडी ही मूळची रानातली. रानकोंबडी एका जागी विष्ठा टाकते, दुसऱ्या जागी चरते. पिल्लाच्या पोटात दिवसाला दोन-चार ऊसिस्ट जातात, रोग दिसण्याइतके जात नाहीत, पण शरीर ओळख करून घेते. अंगणातल्या खुडूक कोंबडीमागे फिरणाऱ्या आठ-दहा पिल्लांचेही तसेच. आता चित्र बदलले. बचत गटाच्या किंवा सरकारी योजनेतून गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातीची शंभर पिल्ले येतात. ती यंत्रात उबवलेली, आईचे तोंड न पाहिलेली, जंतूशी यत्किंचित ओळख नसलेली. बाई मोठ्या काळजीने त्यांना पावसापासून वाचवण्यासाठी एका खोलीत कोंडते. तीच ऊब, तीच ओल, तीच विष्ठा, तेच दाणे. काळजी खोटी नसते. बांधून दिलेली जागा चुकीची असते.

या गर्दीचे मोठे रूप म्हणजे ब्रॉयलरची शेड. जमिनीवर कोंबडी पाळण्याच्या पद्धतीला गादी पद्धत म्हणतात. धानाच्या या मुलखात गादीला तूस मिळायला अडचण नाही. तूस चांगले आहे, ओल शोषते. पण पाण्याच्या भांड्याभोवती ते भिजले, छपराला गळती लागली, की त्या भिजलेल्या वर्तुळात ऊसिस्ट पिकू लागतात. शेडवरचे जाणते लोक एक साधी परीक्षा करतात. मूठभर तूस घट्ट दाबावे. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी फार ओली. दाबताना धरले आणि उघडताच भुगा झाला तर ठीक. मुळीच धरले नाही, धूळच उडाली, तर फार कोरडी. तीही कोंबडीच्या श्वासाला चांगली नाही. रोज गादी खालीवर उलथणे, भिजलेला भाग काढून टाकणे, पाण्याची भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवणे या कामांत काही थोरपणा दिसत नाही, परंतु रोग अडतो तो येथे.

याउलट फिनेल शिंपडण्याने मनाला बरे वाटते आणि नाकालाही पटते, जंतूला मात्र काही होत नाही. ऊसिस्टचे कवच असे आहे की फिनेल, चुना, साधी जंतुनाशके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. चुना टाकावा, पण तो ओल शोषण्यासाठी. कवचाला भेदतो तो अमोनियाचा तीव्र द्राव, कडक ऊन, पूर्ण कोरडेपणा आणि आगीची ज्योत. म्हणून रिकाम्या झालेल्या शेडच्या फरशीवरून ज्योत फिरवतात. गावातल्या बाईला यातले सर्वात स्वस्त औषध म्हणजे ऊन. पिल्लांचे डालगे रोज जागा बदलून ठेवावे, रात्रीचे खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच फळ्यांचे किंवा बांबूच्या कामट्यांचे असावे म्हणजे विष्ठा फटीतून खाली पडते, आणि दाणे जमिनीवर न फेकता भांड्यात द्यावेत. यात पैसा जवळजवळ लागत नाही.

पूर्वी समजत की कोंबडीतला कॉक्सिडिया एकाच जातीचा. ही समजूत मोडली ती हार्वर्डच्या टायझर याने. १९२९ साली त्याने दाखवून दिले की, जाती अनेक आहेत आणि प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. आज कोंबडीत सात जाती सर्वमान्य आहेत; अलीकडे त्यांत आणखी तीन नावांची भर पडली आहे. टेनेला आंधळ्या आतड्यात, असर्व्हुलिना वरच्या आतड्यात, मॅक्सिमा मधल्या भागात, नेकॅट्रिक्स थोड्या मोठ्या वयात. एका जातीपासून वाचलेले पिल्लू दुसऱ्या जातीला नवखेच असते. आणि सातांपैकी सगळ्याच रक्त काढीत नाहीत. असर्व्हुलिनासारख्या जाती आतड्याचे अस्तर नुसते खरवडतात. कोंबडी मरत नाही, रक्त दिसत नाही. खाते, पण अंगी लागत नाही. ही मुकी लागण मला रक्ती हगवणीपेक्षा अधिक घातक वाटते. का, ते पुढे सांगतो.

औषधांचा इतिहास थोडक्यात असा. १९३९ साली अमेरिकेत लेव्हीन याने सल्फा औषधाचा गुण दाखवला. १९४८ पासून सल्फाक्विनॉक्झलीन खाद्यातच मिसळून देऊ लागले, आणि हजारो पक्षी एका छपराखाली पाळणे त्यानंतरच शक्य झाले. आजची स्वस्त कोंबडी, निम्मी तरी, या एका गोष्टीवर उभी आहे. १९६० च्या सुमारास अँप्रोलियम आले. १९७१ पासून मोनेन्सिन. ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून काढतात. प्रत्येक औषध काही वर्षे चालले आणि मग जंतू त्याला सरावला. म्हणून आता खाद्य कारखाने औषधे पाळीपाळीने बदलतात.

अँप्रोलियमची गंमत सांगण्यासारखी आहे. त्याची घडण ब-१ जीवनसत्त्वासारखी आहे. जंतू त्याला जीवनसत्त्व समजून घेतो आणि उपाशी मरतो. आपल्याकडे काय होते? दुकानदार पिल्लांना रक्ती हगवणीचे औषध देतो आणि ‘अशक्तपणा आला आहे’ म्हणून बरोबर बी कॉम्प्लेक्सचे टॉनिकही देतो. बाई दोन्ही एकाच पाण्यात घालते. खरे ब-१ मुबलक मिळाल्यावर जंतूला खोट्याची फसगत कशी व्हावी? पैसे दोन्हीचे गेले आणि गुण कोणाचाच नाही. टॉनिक द्यावयाचे ते औषधाचे दिवस संपल्यावर.

लसही आहे. पहिली विक्रीची लस अमेरिकेत १९५२ साली निघाली. जिवंत ऊसिस्टच मोजून थोडे पाजावयाचे. १९८९ साली ब्रिटनमध्ये सौम्य केलेल्या जंतूंची लस आली. तो सौम्यपणा आणण्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. दर पिढीत जे जंतू सर्वांच्या आधी ऊसिस्ट टाकतात तेवढेच निवडत जावयाचे. असे घाईचे जंतू पोटात फेऱ्या कमी करतात, म्हणून नासधूस कमी करतात. पिल्लाला ओळख मात्र पुरेशी होते. अल्पायुषी ब्रॉयलरला लसीचा खर्च परवडत नाही असे कंपन्या म्हणतात, म्हणून तेथे भर खाद्यातल्या औषधावर.

आता त्या मुक्या लागणीकडे वळतो, कारण माझ्या विषयाची आणि माझ्या धंद्याची गाठ तेथे पडते. करार पद्धतीत कंपनी पिल्ले, खाद्य, औषध देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि चाळीस दिवसांची रात्रंदिवस मेहनत शेतकऱ्याची. पक्षी शेवटपर्यंत कंपनीच्या मालकीचे. शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला पालनदर मिळतो आणि तो खाद्याच्या प्रमाणावर कमीजास्त होतो. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले, यालाच ते लोक एफसीआर म्हणतात.

समजा ५,००० पक्षी आहेत आणि सरासरी दोन किलोचे झाले. एकूण १०,००० किलो. प्रमाण १.६ राहिले तर खाद्य लागले १६,००० किलो. मुक्या लागणीने आतडी खरवडली गेली आणि प्रमाण १.७ झाले, तर १७,०००. एक दशांशाचा फरक म्हणजे १,००० किलो, पन्नास किलोची वीस पोती. एकही पक्षी मेलेला नाही, एक थेंब रक्त दिसलेले नाही, आणि वीस पोती खाद्य जंतूने खाल्ले. ते कोणाच्या नावे लिहिले जाते? हिशेबाच्या कागदावर ‘जंतू’ असा रकाना नसतो. एका करारदार शेतकऱ्याचा कागद मी पाहिला आहे. त्यात शेरा होता, ‘व्यवस्थापन असमाधानकारक’, आणि पालनदर खाली आलेला. खाद्यात कोणते औषध होते, ते जंतू सरावल्यामुळे निकामी झाले होते काय, पिल्ले मुळातच कशी होती, यातले काही त्या शेतकऱ्याला सांगितले गेले नव्हते.

बिडीच्या धंद्यात यालाच छाट म्हणतात. पान खराब दिले कारखानदाराने, बिडी बाद झाली बाईची. त्यावर इतके वाद झाले की १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात कच्चा माल आणि बाद बिड्या यांवरील तंट्याच्या निवाड्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. कोंबडीच्या करारात अशी तरतूद मला दिसली नाही. गादी ओली ठेवणे ही शेतकऱ्याची चूक असू शकते, आणि असेल तेथे ती त्याने मान्य केली पाहिजे. पण खाद्यातले औषध निकामी होणे ही त्याची चूक नव्हे. दोहोंचा निवाडा अंदाजाने करण्याचे काही कारण नाही, कारण त्याला शास्त्रीय माप आहे. १९७० साली जॉन्सन आणि रीड यांनी आतड्यावरील जखमांना शून्य ते चार गुण देण्याची पद्धत ठरवून दिली. चार-पाच पक्षी फाडले, आतड्याचे भाग पाहिले, गुण लिहिले, की लागण होती की नव्हती आणि कोणत्या भागात होती ते कागदावर येते. पर्यवेक्षक शेडवर येतो तेव्हा हे गुण लिहून त्याची प्रत शेतकऱ्याला द्यावी आणि खाद्याच्या पोत्याबरोबर औषधाचे नाव कळवावे, एवढी मागणी कोणत्याही संघटनेने करण्यास हरकत नसावी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोगापायी जगाचे वार्षिक नुकसान २०१६ च्या किमतींनी सुमारे १,०४० कोटी पौंड, म्हणजे कोंबडीमागे सुमारे सोळा पेन्स, असे काढले आहे. त्यात औषधांचा खर्च आहे, मेलेले पक्षी आहेत, खुंटलेली वाढही आहे. इतका पैसा कोणाच्या तरी खिशातून जातोच.

सूक्ष्मदर्शक आपल्या जिल्ह्याला परका नाही. आंधळगाव-मोहाडीकडच्या कोशाच्या कापडाचा आपण अभिमान बाळगतो. तो कोसा ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या किड्याचा. ढिवर समाजातल्या कित्येक घरांचा तो धंदा. त्या किड्यालाही पेब्रिन नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. तो आईकडून अंड्यात उतरतो. फ्रान्समधला रेशीमधंदा याच जातीच्या रोगाने बुडू लागला तेव्हा १८६५ साली पाश्चरला बोलावले, आणि त्याने सुचवलेली रीत आजही चालते: अंडी घातल्यावर मादी पतंग कुटावा, तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, जंतूचे चमकते कण दिसले तर ती अंडी नष्ट करावीत. मग लोकांना मिळतात ते रोगमुक्त अंडीपुंज. किड्यासाठी जे आपण करतो ते बाईच्या कोंबडीसाठी होत नाही, याला यंत्राचा अभाव हे कारण नाही. विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवली की ऊसिस्ट वर तरंगतात, तो तवंग काचेवर घेऊन पाहिला की काम झाले. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून आहे. आपल्या तालुक्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. उणीव आहे ती नमुना तेथवर पोहोचण्याची. म्हशीसाठी डॉक्टरला बोलावतात. पिल्लासाठी कोण बोलावील?

म्हणून नमुन्याविषयी दोन शब्द. मेलेले पिल्लू उकिरड्यावर फेकू नये. कुत्र्या-कावळ्यांबरोबर ऊसिस्ट दुसऱ्या अंगणात जातात. मेल्यावर काही तासांत आतडी कुजू लागतात आणि मग रक्त कशाचे ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. पिल्लू सकाळी मेले तर त्याच सकाळी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, शक्य तर बर्फात ठेवून दवाखान्यात न्यावे. बरोबर एक आजारी पण जिवंत पिल्लू आणि कागदाच्या पुडीत ताजी विष्ठा न्यावी. डॉक्टरला पिल्लांचे वय, कोणत्या दिवशी किती मेली, आणि आधी कोणते औषध पाजले ते सांगावे. टॉनिकसुद्धा सांगावे.

व्याख्यानानंतर हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आधीच घेतो: असली कोंबडी, असले अंडे खावे काय? कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच राहतो. तो माणसात येत नाही, बदकातही येत नाही. तेव्हा या जंतूपुरती भीती नको. मात्र आजारी पक्षी रोगापुरता नव्हे, औषधापुरता टाळावा. औषध चालू असताना आणि पुडीवर लिहिलेले तितके दिवस पुढे, त्या कोंबडीचे अंडे आणि मांस खाऊ नये, विकूही नये. पुडीवरचे अक्षर बारीक असते आणि पुष्कळदा इंग्रजी असते. दुकानदाराकडून दिवसांचा आकडा विचारून मराठीत पुडीवरच लिहून घ्यावा.